रसायनशास्त्राचे आचार्य सर ज्ञानचंद्र घोष

बंगळुरू येथील भारतीय विज्ञान संस्थेच्या वाटचालीत १९३९ ते १९४८ हा कालखंड फार महत्त्वाचा मानला जातो. विमानविद्या, धातुशास्त्र, अंतर्ज्वलन एंजिन यांसारख्या विषयांचे उच्च शिक्षण देणारे विभाग याच काळात तेथे उभे राहिले. या काळात संस्थेचे संचालक होते सर ज्ञानचंद्र घोष. ते मूळचे भौतिक रसायनशास्त्राचे प्राध्यापक. वयाच्या चोविसाव्या वर्षी त्यांनी मांडलेल्या एका सिद्धांताने युरोपातील रसायनशास्त्रज्ञांचे लक्ष वेधून घेतले होते. मात्र पाचच वर्षांत अधिक सरस सिद्धांत पुढे आला आणि घोष यांचे नाव पाठ्यपुस्तकांतून हळूहळू मागे पडले. त्यानंतरची छत्तीस वर्षे त्यांनी विद्यार्थी घडवण्यात, प्रयोगशाळा उभारण्यात आणि देशाच्या तंत्रशिक्षणाची पायाभरणी करण्यात घालवली. त्यांच्या या जीवनकार्याचा हा परिचय.

कोलकात्यातील जडणघडण

ज्ञानचंद्र घोष यांचा जन्म सप्टेंबर १८९४ मध्ये पुरुलिया येथे झाला. त्यांचे शालेय शिक्षण गिरिडीह येथे झाले. हा परिसर छोटा नागपूरच्या पठारावरील अभ्रक आणि कोळशाच्या खाणींसाठी प्रसिद्ध होता. शालेय शिक्षण संपवून ते कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात दाखल झाले.

त्या वेळी प्रेसिडेन्सी महाविद्यालयात आचार्य प्रफुल्लचंद्र राय रसायनशास्त्र आणि जगदीशचंद्र बोस पदार्थविज्ञान शिकवत होते. सत्येंद्रनाथ बोस, मेघनाद साहा आणि ज्ञानेंद्रनाथ मुखर्जी हे घोष यांचे समकालीन विद्यार्थी. पुढे यांतील प्रत्येकाने भारतीय विज्ञानात आपापले स्थान निर्माण केले. इतके गुणवान विद्यार्थी एकाच वेळी एका महाविद्यालयात असल्याचे उदाहरण त्या काळात विरळाच. घोष यांनी १९१५ मध्ये रसायनशास्त्रात एम.एस्सी. पदवी मिळवली.

याच सुमारास कोलकाता विद्यापीठाचे सर आशुतोष मुखर्जी नव्या विज्ञान महाविद्यालयाची उभारणी करत होते. तारकनाथ पालित आणि रासबिहारी घोष या दोन विख्यात कायदेपंडितांनी त्यासाठी मोठ्या देणग्या दिल्या होत्या. १९१४ मध्ये या महाविद्यालयाची कोनशिला बसवण्यात आली. पदव्युत्तर अध्यापन सुरू करावयाचे, तर शिक्षक हवेत. आशुतोष मुखर्जी यांनी नुकत्याच पदव्युत्तर परीक्षा उत्तीर्ण झालेल्या तरुणांवर विश्वास टाकला. साहा, बोस आणि घोष हे तिघेही अशा रीतीने विशीतच विद्यापीठात शिक्षक झाले.

युरोपात पहिले महायुद्ध पेटले होते. जर्मनीतून येणारी उपकरणे, शुद्ध रसायने आणि नियतकालिके मिळेनाशी झाली होती. स्वतः शिकत शिकत इतरांना शिकवावे आणि हाताशी असलेल्या साधनांवर संशोधन करावे, एवढाच मार्ग या तरुणांपुढे होता. उपकरणे नसली तरी कागदावर गणित मांडता येत होते. इतरांनी प्रसिद्ध केलेली मोजमापेही उपलब्ध होती. घोष यांनी निवडलेला विषय या परिस्थितीला साजेसा होता.

मिठाच्या पाण्यातील कूटप्रश्न

हा विषय वरवर पाहता साधा होता. पाण्यात मीठ विरघळले की त्या पाण्यातून वीज वाहू लागते. १८८७ मध्ये स्वीडनचे स्वांते अऱ्हेनियस यांनी याचे कारण सांगितले होते. विरघळलेल्या मिठाचे काही रेणू फुटतात, त्यांपासून धन आणि ऋण विद्युत् भार असलेले कण बनतात आणि हे कण, म्हणजेच आयन, वीज वाहून नेतात. या कार्याबद्दल अऱ्हेनियस यांना १९०३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

अऱ्हेनियस यांच्या कल्पनेच्या आधारे जर्मनीतील विल्हेल्म ओस्टवाल्ड यांनी १८८८ मध्ये एक नियम मांडला. द्रावणात पाणी वाढवत नेले असता रेणू फुटण्याचे प्रमाण किती वाढेल, हे या नियमाने काढता येते. व्हिनेगरमध्ये असणाऱ्या ॲसिटिक आम्लाला हा नियम तंतोतंत लागू पडतो. साध्या मिठाला तो लागू पडत नाही. जो आकडा स्थिर राहावयास हवा, तो मिठाच्या बाबतीत द्रावण जसजसे दाट होईल तसतसा वाढत जातो. मीठ, पोटॅशियम क्लोराइड, हायड्रोक्लोरिक आम्ल अशा पदार्थांना तीव्र विद्युत् विच्छेद्य पदार्थ म्हणतात. नियमात न बसणारे त्यांचे हे वर्तन तीस वर्षे रसायनशास्त्रज्ञांना कोड्यात टाकत होते.

घोष यांनी १९१८ मध्ये लंडनच्या केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात या विषयावर लेखमाला प्रसिद्ध केली. त्यांच्या मते असे पदार्थ पाण्यात पूर्णपणे आयनांच्या स्वरूपातच असतात. ते अंशतः फुटतात, ही समजूत चुकीची आहे. संपूर्ण विच्छेदनाची ही कल्पना यापूर्वी विल्यम सदरलँड आणि नील्स ब्येरूम यांनीही मांडलेली होती. घोष यांनी तिला संख्यांची जोड देण्याचा प्रयत्न केला. मिठाच्या स्फटिकात धन आणि ऋण आयन एकाआड एक ठरावीक जागी बसलेले असतात. द्रावणातही ते तशाच जालकात, फक्त अधिक दूर अंतरावर असतात, असे त्यांनी गृहीत धरले. विरुद्ध भारांचे आकर्षण तोडून मोकळे होण्यास आयनाला जे कार्य करावे लागते, ते त्यांनी पाण्याचा विद्युत् अपार्यता स्थिरांक सुमारे ८० धरून मोजले. तेवढी ऊर्जा ज्यांच्यापाशी आहे तेच आयन वीज वाहून नेतात, असा त्यांचा निष्कर्ष होता.

या मांडणीतून निघालेले सूत्र सुटसुटीत होते आणि अनेक द्रावणांच्या मोजमापांशी त्याचा मेळ बसत होता. कोलकाता विद्यापीठाने १९१८ मध्ये घोष यांना डी.एस्सी. पदवी प्रदान केली. १९१९ मध्ये ते इंग्लंडला गेले आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये प्राध्यापक डॉनन यांच्या प्रयोगशाळेत काम करू लागले. त्याच प्रयोगशाळेत शांतिस्वरूप भटनागर हेही त्या काळात संशोधन करत होते. पारतंत्र्यातील देशातून आलेल्या, पंचविशीतील या शिक्षकाचा सिद्धांत युरोपातील विद्यापीठांत अभ्यासला जात होता.

सिद्धांत मागे पडतो

प्रसिद्धीबरोबर टीकाही आली. मुख्य अडचण अत्यंत विरल द्रावणांची होती. आयनांमधील सरासरी अंतर संहतीच्या घनमुळावर अवलंबून असते. त्यामुळे घोष यांच्या सूत्रातही घनमूळ येत होते. परंतु फ्रीड्रिख कोलराउश यांनी वर्षानुवर्षे केलेल्या काटेकोर मोजमापांत संवाहकतेतील घट संहतीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात होत असल्याचे दिसले होते. द्रावण जेवढे विरल, तेवढा या दोहोंतील फरक स्पष्ट होत असे. शिवाय द्रावणातील आयन सतत हालचाल करत असताना त्यांचे स्फटिकासारखे जालक टिकून कसे राहील, हाही प्रश्न होताच.

१९२३ मध्ये पीटर डेबाय आणि एरिख ह्यूकेल यांनी झुरिचमधून नवा सिद्धांत प्रसिद्ध केला. पदार्थाचे संपूर्ण विच्छेदन होते, हे त्यांनीही मान्य केले. मात्र जालकाची कल्पना त्यांनी सोडून दिली. प्रत्येक आयनाभोवती विरुद्ध भाराच्या आयनांची सरासरीने थोडी अधिक दाटी असते. हे जणू त्या आयनाभोवतीचे एक वातावरणच, अशी त्यांची कल्पना होती. या मांडणीतून वर्गमूळ आपोआप निघाले. आपल्या लेखात त्यांनी घोष यांच्या सिद्धांताची दखल घेतली आणि तो कोठे उणा पडतो हेही दाखवले. पुढे लार्स ऑन्सागर यांनी संवाहकतेच्या बाबतीत या सिद्धांतात आवश्यक सुधारणा केल्या. आज पदवीच्या विद्यार्थ्यांना शिकवले जाते ते डेबाय, ह्यूकेल आणि ऑन्सागर यांचे समीकरण.

विज्ञानात असे वारंवार घडते. एखाद्या प्रश्नाचे पहिले ठळक उत्तर अपुरे ठरते, पण त्यामुळे प्रश्नाकडे लक्ष वेधले जाते आणि दुसऱ्या कोणाला अचूक उत्तराची दिशा सापडते. मिठाचे द्रावण समजून घ्यावयाचे, तर रेणू किती फुटले हे मोजत बसण्यापेक्षा आयनांमधील विद्युत् बलांचा हिशेब करावा लागेल, हे घोष यांनी ठामपणे मांडले होते. हा मुद्दा डेबाय आणि ह्यूकेल यांच्या सिद्धांतातही कायम राहिला. घोष यांची मांडणी इतिहासजमा झाली, त्या वेळी ते अवघे एकोणतीस वर्षांचे होते.

ढाक्यातील अध्यापन

त्यापूर्वीच घोष यांच्या आयुष्याला नवे वळण मिळाले होते. १९२१ मध्ये ढाका विद्यापीठ सुरू झाले. त्याचे पहिले कुलगुरू फिलिप हार्टोग हे स्वतः रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांनी देशभरातून गुणी शिक्षक जमवले. घोष हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक आणि विभागप्रमुख झाले. त्यांचे जुने सहकारी सत्येंद्रनाथ बोस हे पदार्थविज्ञान विभागात आले. बोस यांनी १९२४ मध्ये आइन्स्टाइन यांना पाठवलेला सुप्रसिद्ध लेख ढाक्यातच लिहिला गेला.

१९३९ पर्यंत, म्हणजे सुमारे अठरा वर्षे, घोष यांनी ढाक्यात भौतिक रसायनशास्त्राचे अध्यापन केले. रसायनशास्त्राच्या इतर शाखांपेक्षा या विषयाची शिस्त निराळी आहे. येथे नवा पदार्थ तयार करण्यापेक्षा मोजमाप अचूक करण्यावर अधिक भर असतो. त्या काळी द्रावणाची संवाहकता मोजताना विद्यार्थ्याला कानाशी टेलिफोनचा श्रवणग्राहक धरून बसावे लागे. उपकरणाच्या तारेवरून स्पर्शक सरकवत न्यावयाचा आणि कानातील गुणगुण जेथे सर्वांत क्षीण होईल, तेथील आकडा टिपावयाचा, अशी ती पद्धत होती. द्रावणाचे तापमान एका अंशाने जरी वाढले, तरी संवाहकता सुमारे दोन टक्क्यांनी बदलते. त्यामुळे तापमान स्थिर राखणारे पाण्याचे कुंड प्रथम सिद्ध करावे लागे. मोजमापासाठी लागणारे पाणीही विशेष काळजीने शुद्ध केलेले असावे लागे, कारण साध्या ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड आकडे बिघडवतो. नव्या विद्यापीठात हे सर्व उभे करावयाचे म्हणजे काचकाम, सुतारकाम, वीजजोडणी यांपासून तयारी करावी लागते. आपला सिद्धांत अशाच काटेकोर आकड्यांपुढे टिकला नाही, याचा अनुभव असलेला प्राध्यापक विद्यार्थ्यांना हे मोजमाप शिकवत होता, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

संशोधनासाठी घोष यांनी या काळात प्रकाश-रसायनशास्त्र हे क्षेत्र निवडले. प्रकाशाच्या योगाने होणाऱ्या रासायनिक विक्रियांचा वेग, त्यांत शोषली जाणारी ऊर्जा आणि त्यांची यंत्रणा यांवर त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह अनेक शोधनिबंध प्रसिद्ध केले. पूर्वीच्या सिद्धांताचा बचाव करत राहण्यात त्यांनी आपली वर्षे घालवली नाहीत.

देशात रसायनशास्त्रज्ञांची स्वतःची संघटना असावी, यासाठीही ते प्रयत्नशील होते. १९२४ मध्ये इंडियन केमिकल सोसायटीची स्थापना झाली. प्रफुल्लचंद्र राय तिचे पहिले अध्यक्ष झाले. घोष, मुखर्जी आणि भटनागर या तरुण पिढीचा तिच्या स्थापनेत मोठा वाटा होता. या संस्थेच्या नियतकालिकामुळे भारतातील संशोधकांना आपले कार्य देशातच प्रसिद्ध करण्याची सोय झाली. १९३९ मध्ये लाहोर येथे भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेच्या अधिवेशनाचे अध्यक्षपद घोष यांनी भूषवले.

बंगळुरूत आगमन

त्याच वर्षी घोष बंगळुरू येथील भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक झाले. जमशेटजी टाटा यांच्या दूरदृष्टीतून आणि मुंबईतील त्यांच्या मालमत्तेच्या उत्पन्नातून ही संस्था साकारली होती. म्हैसूर संस्थानने तिला विस्तीर्ण जागा दिली. १९०९ मध्ये संस्था अस्तित्वात आली आणि १९११ मध्ये विद्यार्थ्यांची पहिली तुकडी दाखल झाली. निऑन, क्रिप्टॉन आणि झेनॉन या वायूंच्या शोधात विल्यम रॅम्झी यांना साथ देणारे मॉरिस ट्रॅव्हर्स हे संस्थेचे पहिले संचालक. सुरुवातीपासूनच रसायनशास्त्राचे विभाग हे संस्थेचे बलस्थान होते.

संस्थेला त्या काळी विद्यापीठाचा दर्जा नव्हता. येथे संशोधन करणारे अनेक विद्यार्थी आपला प्रबंध अन्य विद्यापीठाला सादर करून पदवी मिळवत. १९३३ मध्ये मोठ्या जिद्दीने प्रवेश मिळवणाऱ्या कमला भागवत, म्हणजेच पुढील काळातील कमला सोहोनी, यांनी येथे केलेल्या कामावर मुंबई विद्यापीठाची एम.एस्सी. पदवी मिळवली, हे मराठी वाचकांना स्मरत असेल.

१९३३ मध्ये सर चंद्रशेखर वेंकट रामन संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले होते. त्यांनी पदार्थविज्ञानाचा नवा विभाग सुरू केला. मात्र निधीची वाटणी आणि कारभार यांवरून वाद निर्माण झाले. सर जेम्स आयर्व्हिन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९३६ मध्ये संस्थेच्या कारभाराचा आढावा घेतला आणि १९३७ मध्ये रामन संचालकपदावरून दूर झाले. पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक म्हणून ते संस्थेतच राहिले. अशा वातावरणात घोष यांनी सूत्रे हाती घेतली. नोबेल पारितोषिक मिळवलेले माजी संचालक त्याच आवारात प्राध्यापक आहेत आणि शुद्ध विज्ञान महत्त्वाचे की उद्योगाला उपयोगी पडणारे विज्ञान, हा वाद ताजा आहे, अशी ती परिस्थिती होती.

महायुद्धाची वर्षे

सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले. परदेशातून येणारी यंत्रे, औषधे आणि रसायने यांची आयात आटली. पंचवीस वर्षांपूर्वी कोलकात्यात घोष यांनी एक शिक्षक म्हणून जी टंचाई अनुभवली होती, तीच आता एका मोठ्या संस्थेचे प्रमुख म्हणून त्यांच्यासमोर उभी राहिली. या वेळी मात्र देशाच्या उद्योगांनाच संशोधकांची गरज भासत होती.

डिसेंबर १९४० मध्ये सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर सरकारच्या सहकार्याने बंगळुरूत हिंदुस्थान एअरक्राफ्ट हा विमान कारखाना काढला. कारखाना उभा राहिला, पण विमानविद्येचे उच्च शिक्षण देणारी सोय देशात नव्हती. १९४२ मध्ये भारतीय विज्ञान संस्थेत विमान अभियांत्रिकीचा विभाग सुरू झाला. कोल्हापूर जिल्ह्यातील डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी या विभागाच्या उभारणीत मोलाची कामगिरी बजावली. घाटगे यांनी जर्मनीत गटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळवली होती. त्यांच्याच नेतृत्वाखाली आरेखन केलेल्या एचटी-२ या प्रशिक्षण विमानाने १९५१ मध्ये आकाशात झेप घेतली.

घोष यांच्या कारकिर्दीत धातुशास्त्र, अंतर्ज्वलन एंजिने आणि वीजशक्ती अभियांत्रिकी यांच्या अध्यापनाची व संशोधनाची सोय संस्थेत झाली. पुढे अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र यांनाही स्थान मिळाले. कारखान्यात उतरणाऱ्या अभियंत्याला खर्चाचे आणि समाजाचेही भान असावे, हा विचार त्यामागे दिसतो.

उपयोगी विज्ञानाकडे वळताना मूलभूत विज्ञान संस्थेतून बाहेर पडले नाही. युद्धामुळे केंब्रिजला परत न जाऊ शकलेले डॉ. होमी भाभा १९३९ मध्ये पदार्थविज्ञान विभागात प्रपाठक झाले आणि तेथे त्यांनी विश्वकिरणांच्या संशोधनाला सुरुवात केली. टाटा मूलभूत संशोधन संस्था १९४५ मध्ये प्रथम बंगळुरूच्या याच आवारात सुरू झाली आणि त्याच वर्षी ती मुंबईला हलवण्यात आली.

कोळशापासून तेल

संचालकपदाची जबाबदारी असतानाही घोष संशोधनापासून दूर गेले नाहीत. बंगळुरूत त्यांनी विद्यार्थ्यांच्या साहाय्याने उत्प्रेरकांच्या पृष्ठभागावर होणाऱ्या वायूंच्या विक्रियांचा अभ्यास केला. त्यांत फिशर-ट्रॉप्श विक्रियेला प्रमुख स्थान होते.

ही विक्रिया १९२० च्या दशकात जर्मनीत शोधण्यात आली. कोळशावर वाफेची क्रिया केली असता कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन हे वायू मिळतात. लोह किंवा कोबाल्टयुक्त तप्त उत्प्रेरकावरून त्यांचे मिश्रण नेले असता त्यापासून पेट्रोल आणि डिझेलसारखी हायड्रोकार्बने तयार होतात. भारतात कोळसा मुबलक आणि खनिज तेल तुटपुंजे. युद्धकाळात तेलाची टंचाई प्रत्येकाला जाणवत होती. त्यामुळे हा विषय देशाच्या गरजेशी थेट निगडित होता. उत्प्रेरक कोणता वापरावा, तो किती तापवावा, वायूंचे प्रमाण किती ठेवावे, काही काळाने तो निकामी का होतो, ही सर्व भौतिक रसायनशास्त्राचीच कोडी आहेत. तरुणपणी आयनांमधील बलांचे गणित मांडणारे घोष आता कोळसा आणि तेलाच्या व्यवहारात तेच शास्त्र राबवत होते.

अशा संशोधनातून तयार झालेले विद्यार्थी हे तेलाइतकेच मोलाचे फलित होते. स्वातंत्र्यानंतर खते, तेलशुद्धीकरण आणि रसायने यांचे कारखाने उभारताना उत्प्रेरकांची जाण असलेल्या तज्ज्ञांची देशाला नितांत गरज भासणार होती.

ब्रिटिश सरकारने १९४३ मध्ये घोष यांना सर हा किताब दिला.

हिजलीच्या बंदीशाळेत विद्यापीठ

बंगळुरूहून निवृत्त झाल्यानंतर घोष यांनी काही काळ केंद्र सरकारचे उद्योग आणि पुरवठा महासंचालक म्हणून काम पाहिले. याच सुमारास देशात उच्च तंत्रशिक्षणाच्या संस्था काढण्याची योजना आकार घेत होती. नलिनीरंजन सरकार समितीने १९४६ मध्ये देशाच्या चारही दिशांना अशी एकेक संस्था असावी, अशी शिफारस केली होती. पूर्वेकडील पहिल्या संस्थेसाठी पश्चिम बंगालमधील खरगपूरजवळील हिजली या ठिकाणाची निवड झाली. घोष या संस्थेचे पहिले संचालक झाले.

जागेची निवड लक्षणीय होती. हिजली येथे ब्रिटिश काळात राजबंद्यांची छावणी होती. सप्टेंबर १९३१ मध्ये तेथील निःशस्त्र राजबंद्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात दोघे जण मृत्युमुखी पडले. या घटनेने संपूर्ण बंगालमध्ये संताप उसळला होता. स्वातंत्र्यानंतर त्याच छावणीच्या इमारतीत अभियांत्रिकीचे वर्ग भरू लागले. १९५१ मध्ये २२४ विद्यार्थी आणि ४२ शिक्षक यांच्यासह पहिले सत्र सुरू झाले. त्या वर्षी ऑगस्टमध्ये शिक्षणमंत्री मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या हस्ते संस्थेचे औपचारिक उद्घाटन झाले.

ढाक्यात नव्या विद्यापीठाचा विभाग आणि बंगळुरूत नवनवे विभाग उभारण्याचा अनुभव घोष यांच्या पाठीशी होता. कोऱ्या जागेवर प्रयोगशाळा उभी करताना काय लागते, हे त्यांना नेमके ठाऊक होते. खरगपूरच्या धर्तीवर पुढे अशाच संस्था देशाच्या अन्य भागांत निघाल्या. मुंबईत पवई येथील संस्था १९५८ मध्ये सुरू झाली. आज देशात अशा २३ संस्था आहेत.

अखेरची वर्षे

घोष १९५४ मध्ये कोलकाता विद्यापीठाचे कुलगुरू झाले. ज्या विद्यापीठाने चार दशकांपूर्वी एका कोवळ्या पदवीधराच्या हाती पदव्युत्तर वर्ग सोपवला होता, त्याच विद्यापीठाचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले. त्याच वर्षी भारत सरकारने त्यांना पद्मभूषण हा सन्मान दिला. १९५५ मध्ये त्यांची नियोजन आयोगाचे सदस्य म्हणून नियुक्ती झाली. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचा तो काळ होता. या पदावर असतानाच २१ जानेवारी १९५९ रोजी त्यांचे निधन झाले.

त्याआधीच्या वर्षी, १९५८ मध्ये, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला होता. तेथील विद्यार्थ्यांना आता पदवीसाठी दुसऱ्या विद्यापीठाकडे जाण्याची आवश्यकता उरली नाही.

रसायनशास्त्राच्या आजच्या पाठ्यपुस्तकांत ज्ञानचंद्र घोष यांचे नाव क्वचितच आढळते. विद्यार्थी मिठाच्या द्रावणाची संवाहकता मोजतो, संहतीच्या वर्गमुळाचा आलेख काढतो आणि डेबाय-ह्यूकेल सिद्धांताचा पडताळा घेतो. श्रवणग्राहकाची जागा आता आकडे दाखवणाऱ्या मापकाने घेतली आहे. मात्र तापमान स्थिर राखण्याची आणि पाणी शुद्ध ठेवण्याची खबरदारी आजही घ्यावीच लागते. ढाक्याचा रसायनशास्त्र विभाग आता बांगलादेशात आहे आणि तेथील वर्ग आजही भरतात. बंगळुरूच्या विमान अभियांत्रिकी विभागातून बाहेर पडलेल्या अभियंत्यांनी भारताच्या विमान आणि अवकाश कार्यक्रमांत कामगिरी बजावली आहे. हिजलीच्या छावणीची जुनी इमारत जतन करण्यात आली असून तेथे आता विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे संग्रहालय आहे. खरगपूरच्या आवारातील क्रीडांगणाला ज्ञानचंद्र घोष यांचे नाव देण्यात आले आहे.